ब्रिजची बोलीभाषा

स्मरणिका समितीनं बुधवारच्या ब्रिजबद्दल "दोन पानं" लिहून द्यायला सांगितलं. दोन पानांत ते बसणार नाही हे मी तेव्हाच सांगितलं होतं, त्यामुळे समितीनं आता तक्रार करू नये. "आमचा ग्रुप अमुक वर्षी सुरू झाला, सगळे आनंदानं खेळतात, चहा छान असतो" एवढंच लिहायचं तर दोन ओळी पुरल्या असत्या. पण आमच्या टेबलावर भांडणं झाली आणि ती खाली पार्किंगपर्यंत ऐकू गेली, हे तिन्ही विंगना ठाऊक आहे. ती नेमकी कशावरून झाली हे समजून घेण्यासाठी मला ब्रिजचा इतिहास वाचावा लागला. वाचता वाचता लक्षात आलं की आम्ही एकमेकांशी भांडत नव्हतोच. आमच्या तोंडून तीन वेगवेगळी दशकं भांडत होती.

ज्यांनी ब्रिज कधी खेळला नाही त्यांच्यासाठी एक परिच्छेद. मेंढीकोट येत असेल तर निम्मा ब्रिज आलाच. चार जण, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी तेरा पानं, रंगाला रंग द्यायचा, नसेल तर हुकूम मारायचा. फरक दोन. पहिला म्हणजे खेळाआधी लिलाव होतो. सहाच्या वर किती हात करणार आणि हुकूम कोणता, याची बोली लागते. "चार इस्पिक" म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून दहा हात करतो. "नो ट्रम्प" म्हणजे बिनहुकमी. दुसरा फरक असा, की बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. आमच्याकडे डमी गप्प बसत नसे, तो भाग वेगळा.

सोसायटीच्या पाचव्या वर्षी हॉल झाला आणि सहाव्या वर्षी सी विंगमधल्या नानांनी त्यात ब्रिजचं टेबल मांडलं. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. तिथल्या इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी सिनियर मंडळींच्या मागे उभं राहून ते ब्रिज शिकले होते. बी विंगमधले भाऊ बँकेतले. त्यांनी पुस्तकं वाचून अभ्यास केलेला, आणि तीही इंग्रज लेखकांची. ए विंगमधल्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळी सोसायटी नुसतं "बाई" म्हणते, त्या कॉम्प्युटरवर शिकून आल्या. मी मेंढीकोटवाला. लहानपणी पाच-तीन-दोन, झब्बू, नॉट ॲट होम, बदाम सात एवढं भांडवल घेऊन मी चौथ्या खुर्चीवर बसलो.

भांडण झालं ते असं. नाना आणि भाऊ भिडू. भाऊंनी "वन नो ट्रम्प" बोली लावली. नानांनी आपले पॉइंट मोजले, दहा होते. (एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक, असे पॉइंट. सगळ्या जोडात मिळून चाळीस.) नाना सरळ "थ्री नो ट्रम्प" म्हणाले. बाईंनी डबल दिला. नाना-भाऊ व्हल्नरेबल होते, म्हणजे हरल्यास दंड जास्त. दोन हात कमी पडले आणि पाचशेचा दंड बसला.

"अहो भाऊ, तेरा पॉइंटांवर कुणी नो ट्रम्प बोलतं का?"

"नाना, बारावर बोलतात. मी तर तेरावर बोललो."

पुढचं लिहीत नाही. अडीच महिने दोघं एका टेबलावर बसले नाहीत. नाना तर भाऊ लिफ्टपाशी दिसले की जिन्यानं जायचे, आणि नाना चौथ्या मजल्यावर राहायचे.

आता गंमत अशी की दोघंही बरोबर होते. ते कसं, हे सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

ब्रिजचा आजोबा म्हणजे व्हिस्ट. एडमंड हॉइल यांनी लंडनला १७४२ साली व्हिस्टवर छोटं पुस्तक काढलं आणि नियमांच्या बाबतीत त्यांचं नाव जगभर दाखल्यासारखं घेतलं जाऊ लागलं. व्हिस्टमध्ये बोली नव्हती. वाटताना शेवटचं पान उलटं करायचं, तो रंग हुकूम. भिडूला काही सांगायचं तर ते खेळलेल्या पानांतूनच. १८८६ साली लंडनला 'बिरिच, ऑर रशियन व्हिस्ट' नावाची एक चिमुकली पुस्तिका निघाली. ब्रिज हे नाव 'बिरिच'वरून आलं असं मानतात. नदीवरच्या पुलाशी त्याचा संबंध नाही. या खेळात वाटणारा स्वतः हुकूम ठरवी किंवा ते काम भिडूवर सोपवी, आणि डमीची पानं उघडी होत. १८९४ च्या सुमारास लंडनच्या पोर्टलंड क्लबात हा प्रकार खेळला जाऊ लागला. जुन्या व्हिस्टवाल्यांनी नाकं मुरडली असणारच. आपल्याकडे टेस्ट मॅचवाल्यांनी वन-डेला मुरडली होती तशी.

पुढची पायरी आपल्या देशातून गेली आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. हुकमासाठी चढाओढीनं लिलाव करायचा, म्हणजे ऑक्शन ब्रिज, त्याचा तीन खेळाडूंसाठीचा प्रकार ज्या सुरुवातीच्या पुस्तकांत सापडतो त्यांतलं एक अलाहाबादला छापलेलं आहे. लेखकाचं टोपणनाव 'जॉन डो'. कुठल्यातरी आडगावच्या ठाण्यावर चौथा गडी न मिळालेल्या इंग्रज साहेबांनी हा खेळ काढला, अशी कथा ब्रिजवाले सांगतात. कथा खरी असो-नसो, पटते मात्र. चौथा न मिळणं ही काय चीज आहे, हे दर बुधवारी सव्वापाचला मला विचारा.

पत्ते आपल्याकडे साहेबानं आणले असं मात्र कुणी समजू नये. सावंतवाडीची गोल गंजिफा त्याच्या कितीतरी आधीची. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण एकशेवीस. ती पिसायची म्हणजे हाताला व्यायामच.

ऑक्शन ब्रिजमध्ये एक मेख होती. तुम्ही दोनची बोली लावलीत आणि प्रत्यक्षात दहा हात केलेत, तरी पूर्ण गेमचं श्रेय मिळायचं. मग उगाच चढवायचं कशाला? कमीत बोली जिंका आणि होतील तेवढे हात करा. ही मेख हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनाढ्य गृहस्थानं काढली. १९२५ साली ऑक्टोबरच्या अखेरीस ते 'फिनलंड' नावाच्या बोटीनं लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाला चालले होते. बरोबर तीन मित्र. वेळ भरपूर. त्यांनी गुणांचा नवा तक्ता मांडला. जेवढी बोली लावाल तेवढ्याच हातांचं श्रेय गेमसाठी धरायचं, जास्तीचे हात किरकोळीत. फ्रान्समध्ये 'प्लाफाँ' नावाच्या खेळात ही कल्पना आधीपासून होती. व्हँडरबिल्टनी तिला स्लॅमची बक्षिसं आणि व्हल्नरेबलचा वाढीव दंड जोडला. 'व्हल्नरेबल' हा शब्द बोटीवरच्या एका तरुण बाईनं सुचवला म्हणतात. तिचं नाव कुणीच टिपून ठेवलं नाही. व्हँडरबिल्टचं नाव मात्र ब्रिजच्या प्रत्येक पुस्तकात आहे!

या एका बदलानं सगळं बदललं. कारण आता "आपल्या दोघांत मिळून किती आहे" हे आधीच कळायला हवं. कमी बोललात तर बक्षीस गेलं, जास्त बोललात तर दंड. आणि बोलायला शब्द किती? एक ते सात हे आकडे, चार रंग आणि नो ट्रम्प. म्हणजे पस्तीस बोल्या, वर पास, डबल आणि रिडबल. अडतीस शब्दांची भाषा. एका हातात येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे संच मात्र साडेत्रेसष्ट हजार कोटींच्या आसपास. अडतीस शब्दांत तेवढं सांगायचं म्हणजे प्रत्येक शब्दाला ठरवून अर्थ द्यावा लागणार. मग जो तो आपापले अर्थ देऊ लागला.

त्यातला सगळ्यात मोठा फेरीवाला म्हणजे एली कल्बर्टसन. फेरीवाला हा शब्द मी आदरानं वापरतो आहे. माल चांगला होता आणि विकायची कलाही होती. १९३० साली त्याचं 'ब्लू बुक' आलं. जुन्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन आपली 'ऑफिशियल सिस्टीम' पुढे केली, तेव्हा यानं त्यांच्यातल्या सिडनी लेन्झना सामन्याचं आव्हान दिलं. डिसेंबर १९३१ ते जानेवारी १९३२, न्यूयॉर्कची हॉटेलं, दीडशे रबर, आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर रोजच्या बातम्या. कल्बर्टसनच्या बाजूनं निम्म्याच्या आसपास रबर त्याची पत्नी जोसेफिन खेळली. ८,९८० गुणांनी ते जिंकले. मंदीचा काळ, लोकांकडे बाहेर जायला पैसे नाहीत. घरोघरी चार माणसं आणि पत्त्यांचा एक जोड निघू लागला.

घरोघरी भांडणंही निघाली. १९२९ साली कॅन्सस सिटीत बेनेट नावाच्या गृहस्थांची चार इस्पिकांची बोली बुडाली, नवराबायकोत जुंपली आणि बाईंनी नवऱ्याला गोळी घातली. १९३१ मध्ये कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. हे मी आमच्या टेबलावर सांगितलं तेव्हा भाऊंच्या वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे कोर्टाचं."

कल्बर्टसन पॉइंट मोजत नसे, 'ऑनर ट्रिक' मोजे. एक्का-राजा म्हणजे दोन, नुसता एक्का म्हणजे एक, एक्का-राणी दीड. चार-तीन-दोन-एक हे मोजमाप मिल्टन वर्क यांनी रूढ केलं आणि त्यांचाच मदतनीस असलेला चार्ल्स गोरेन, मूळचा वकील, यानं १९४९ च्या पुस्तकातून ते घरोघरी पोचवलं. दोघांत मिळून सव्वीस पॉइंट असले तर गेम, तेहेतीस असले तर बारा हातांचा स्लॅम, सदतीस असले तर तेरा. बेरीज आली की झालं. पानांचा धड अनुभव नसलेला माणूसही बऱ्यापैकी बोली लावू लागला. १९५८ मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं गोरेनला मुखपृष्ठावर घेतलं, यावरून त्याचा दबदबा कळेल. गोरेनच्या पद्धतीत "वन नो ट्रम्प" म्हणजे सोळा ते अठरा पॉइंट.

नानांनी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये ज्यांच्या मागे उभं राहून खेळ पाहिला ते सगळे गोरेनवाले. (त्यांचे गुरू बहुधा त्याहून जुने असावेत, कारण नाना अडचणीत आले की मध्येच पुटपुटायचे, "अडीच ट्रिक आहेत हो माझ्याकडे." ते बोलत होते ते कल्बर्टसन, हे मला नंतर कळलं.) तेव्हा भाऊंनी नो ट्रम्प म्हटल्यावर नानांनी केलेली बेरीज अशी : सोळा अधिक दहा, सव्वीस, गेम. चूक काय त्यात?

आणि भाऊ? १९३० च्या दशकात लंडनच्या वायव्य भागातल्या अकोल रोडवर एक छोटा ब्रिज क्लब होता. तिथं जमणाऱ्या काही तरुण मंडळींनी आपली वेगळी पद्धत बसवली. तिचं नाव रस्त्यावरून 'अकोल' पडलं आणि इंग्लंडभर तीच रुजली. त्या कंपूतल्या एस. जे. सायमन यांचं १९४५ चं 'व्हाय यू लूज ॲट ब्रिज' हे भाऊंचं आवडतं पुस्तक. आपण हरतो ते बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तर साध्या, टाळता येणाऱ्या गोष्टींमुळे, असा त्याचा रोख. त्यात चार पात्रं आहेत. एक खूप हुशार पण सदा नशिबाला दोष देणारा, एक अर्धवट शिकून पंडिती करणारा, अशी. आमच्या टेबलावर कोण कोणतं पात्र, यावर एक बुधवार गेला. मुद्दा हा, की अकोलमध्ये रूढ झालेला "वन नो ट्रम्प" म्हणजे बारा ते चौदा. भाऊंकडे तेरा होते. चूक काय त्यात?

बाईंची तिसरीच तऱ्हा. अमेरिकेतही गोरेनची भाषा पुढे बदलत गेली. आल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन या जोडीनं १९५० च्या दशकात हट्ट धरला, की पहिली बोली इस्पिक किंवा बदामची असेल तर त्या रंगाची निदान पाच पानं हवीत. तोवर चार पुरत. हळूहळू पाच पानांचा नियमच सर्रास झाला, नो ट्रम्प पंधरा ते सतरावर आला, आणि कॉम्प्युटरवर शिकणारा आज हेच शिकतो. एकदा नानांनी चार इस्पिकांवर "वन इस्पिक" म्हटलं. बाईंकडे तीन. पाच आणि तीन आठ, झकास, म्हणून त्यांनी चारपर्यंत चढवलं. निघाले सात हुकूम, आणि माझ्या हातात चार. मी मेंढीकोटच्या पद्धतीनं मनसोक्त कापाकापी केली.

मला हे सगळं एकत्र दिसलं तेव्हा मी एका वहीच्या पानावर तीन रकाने आखले आणि नाना, भाऊ, बाई अशी नावं लिहून प्रत्येक बोलीपुढे तिघांचे अर्थ लिहिले. नो ट्रम्पच्या ओळीत १६-१८, १२-१४, १५-१७. इस्पिकच्या ओळीत चार पानं, चार पानं, पाच पानं. "फोर नो ट्रम्प"च्या ओळीत मात्र तिघांचं एकमत : भिडू, तुझ्याकडे एक्के किती? ही युक्ती ईझ्ली ब्लॅकवूड या इंडियानापोलिसच्या विमा कंपनीतल्या माणसाची, १९३३ ची. विमेवाल्यालाच सुचावी अशी : मोठी उडी मारण्याआधी जोखीम विचारून घ्यायची. ते पान घेऊन मी आधी नानांकडे गेलो आणि मग भाऊंकडे. दोघांनी एकच वाक्य म्हटलं : "म्हणजे मी बरोबरच होतो."

पण याच सुमारास दुसरं संकट आलं. वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदानं लेखी हरकत घेतली, की हॉलमध्ये पत्त्यांचा अड्डा झाला आहे, मुलांवर वाईट परिणाम होतो आणि आवाजाचा त्रास होतो. सभेत बराच गदारोळ झाला. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, की सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमीच्या एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि ते सांगताना रमीतलं नशीब हे ब्रिजमधल्या वाटपाइतपतच असतं, अशी तुलना केली. म्हणजे ब्रिज कौशल्याचा हे न्यायालयानं गृहीतच धरलं होतं. सभा गप्प झाली. माझं मत विचाराल तर त्या सभासदाचा पहिला मुद्दा चुकीचा होता, पण तिसरा शंभर टक्के खरा. आम्ही ओरडत होतो. परवानगी मिळाली : फक्त बुधवार, पाच ते आठ, पैसे लावायचे नाहीत, विजेचे पैसे वेगळे भरायचे, आणि आवाजाची तक्रार पुन्हा आली तर हॉल बंद.

आवाज कमी कसा करायचा? बाईंचं उत्तर डुप्लिकेट. याचीही गोष्ट जुनी आहे. लंडनला १८५७ साली हेन्री जोन्स, टोपणनाव 'कॅव्हेंडिश', यांनी एक प्रयोग केला. व्हिस्ट नशिबाचा की अकलेचा? दोन टेबलं मांडली. दोन्हीकडे पानं तीच. एका टेबलावर चांगली पानं ज्या बाजूला, तिथे तरबेज खेळाडू; दुसऱ्या टेबलावर त्याच बाजूला कच्चे. दोन्हीकडचे गुण ताडून पाहिले. नशीब दोघांना सारखंच, उरला तो फरक खेळाचा. तरबेज मंडळी पुढे निघाली. आज जगातली प्रत्येक मोठी ब्रिज स्पर्धा याच तत्त्वावर चालते. प्रत्येकाची तेरा पानं टेबलावर मध्ये न टाकता स्वतःपुढेच ठेवायची, डाव संपला की बोर्डाच्या कप्प्यात घालायची आणि बोर्ड पुढच्या टेबलावर पाठवायचा.

बोर्ड विकत आणणं परवडेना. भाऊंच्या सूनबाईंनी सोफ्याच्या उरलेल्या रेक्झिनचे चार-चार कप्प्यांचे सोळा बटवे शिवून दिले. दिशा आणि व्हल्नरेबलची खूण नेलपॉलिशनं. (यातले अकरा अजून वापरात आहेत.) आम्ही तोवर आठ जण झालो होतो. पहिल्याच बुधवारी सहाव्या बोर्डात भाऊ आणि मी दोन इस्पिकांवर थांबलो, दहा हात केले, एकशेसत्तर गुण झाले आणि मी खूश. दुसऱ्या टेबलावर नाना-बाई त्याच पानांवर चार इस्पिकांना गेले. तेच दहा हात, चारशेवीस. अडीचशेचा फरक, आंतरराष्ट्रीय तक्त्याप्रमाणे सहा गुण. त्या दिवसापासून "पानंच वाईट येतात हो" हे वाक्य हॉलमधून हद्दपार झालं. तीच पानं शेजारी कुणीतरी नीट खेळून गेलेलं असतं. ओरडायचं कुणावर?

मग खरा अभ्यास सुरू झाला. बोलीसाठी एक पानाचा करार झाला. इस्पिक-बदाम पाच पानांचे, यावर नाना लवकर तयार झाले. एक्के विचारायला ब्लॅकवूड. नो ट्रम्पनंतर "टू किलवर" म्हटलं की भिडूला इस्पिक किंवा बदामची चार पानं विचारायची. याला स्टेमन म्हणतात, कारण १९४५ मध्ये सॅम स्टेमन यांनी त्यावर लेख लिहिला. कल्पना मुळात त्यांचे भिडू जॉर्ज रपे यांची. (बोटीवरची ती बाई आठवते ना?) एका तरुण इंजिनिअर सभासदानं 'प्रिसिजन' घेऊ या म्हटलं. सी. सी. वेई यांची ही पद्धत वापरून तैवानचा संघ १९६९ मध्ये जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला होता. आम्ही त्याला सरबत दिलं आणि आहे तेच आधी पाठ करू म्हणालो. नो ट्रम्पवर मात्र तीन बुधवार गेले. शेवटी बाईंचे पंधरा ते सतरा ठरले. ते ना नानांचे, ना भाऊंचे, त्यामुळे दोघांना चाललं.

खेळण्यात सुधारणा जास्त सावकाश झाली. बाईंनी एकच सवय लावली : डमी उघडल्यावर पहिलं पान टाकण्याआधी अर्धा मिनिट थांबा. खात्रीचे हात मोजा, किती कमी पडतात ते बघा, मग ते कुठून येतील ते शोधा. आम्ही सगळे दिसेल तिथे फिनेस मारायचो, म्हणजे समोरच्याचा राजा सोयीच्या बाजूला असेल या आशेवर राणी सोडायची. ती सरळ निम्मी-निम्मी शक्यता. बाहेर एखाद्या रंगाची पाच पानं असतील तर ती तीन-दोन अशी फुटण्याची शक्यता अडुसष्ट टक्के. मग राणीवर नशीब टांगण्याऐवजी रंग वाढवून शेवटची बारीक पानं मोठी करणं कितीदा तरी बरं पडतं. नानांना हे टक्के पटायला वर्ष लागलं. पण उतारी मात्र त्यांच्याइतकी कुणाला जमली नाही. नो ट्रम्पविरुद्ध आपल्या लांब रंगातलं वरून चौथं पान, सलग मोठी पानं असतील तर सगळ्यात वरचं, हे आम्हाला त्यांनी शिकवलं. आणि बोली ऐकून हा नियम कधी मोडायचा, तेही.

बोलीच्या आवाजाचं एक प्रकरण राहिलंच. नानांचा "पास" तीन प्रकारचा असे. खणखणीत पास म्हणजे काही नाही. लांबवलेला पास म्हणजे थोडं आहे. सुस्कारा टाकून पास म्हणजे भिडू, तू तरी बोल. त्यांच्या मनात खोट नव्हती, पण नियमांत हे बसत नाही. मोठ्यांच्या खेळातही हे दुखणं होतं. म्हणूनच स्वीडनमध्ये बोलीच्या छापील पत्त्यांची पेटी निघाली, तोंडानं बोलायचंच नाही. १९७५ च्या जागतिक स्पर्धेत, बर्म्युडाला, भिडूंच्या मध्ये पडदे लावले, तर दोन इटालियन खेळाडूंवर टेबलाखालून पायानं खुणा केल्याचा ठपका आला. तेव्हा टेबलाखालीही आडोसा करण्यात आला. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर बोल्या लिहून पेट्या केल्या. हॉल इतका शांत झाला, की हरकत घेणारे तेच सभासद एकदा दिवे चालू का आहेत ते बघायला आले, आणि मागे खुर्ची ओढून बसले. पुढच्या वर्षी ते खेळायला लागले.

१ सप्टेंबर २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या कोलकात्याच्या जोडीनं पुरुषांच्या जोडीत सुवर्णपदक घेतलं. त्या स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच होता. बर्धन साठ वर्षांचे, सरकार छप्पन्न. त्या शनिवारी नानांनी नियम मोडून हॉल उघडायला लावला आणि सगळ्यांना जिलबी खिलवली. "मी अजून सिलेक्शनला बसू शकतो," म्हणाले. तेव्हा ते एकोणऐंशीचे होते.

लॉकडाऊनमध्ये आम्ही इंटरनेटवर खेळलो. नातवानं लावून दिलेल्या टॅबवर नाना बी विंगमधल्या भाऊंबरोबर रोज दुपारी. खिडकीतून एकमेकांना दिसायचे, आणि नियमाप्रमाणे डाव संपेपर्यंत बोलायचे नाहीत. नाना जाऊन आता तीन वर्षं होतील.

सध्या तीन टेबलं भरतात. मे महिन्यात मुलांसाठी मिनी ब्रिज घेतला, त्यात बोली नसते, नुसते पॉइंट सांगायचे. नऊ मुलं आली, चार टिकली. रौप्यमहोत्सवानिमित्त आमचा एक पानाचा करार नव्यानं टाइप करून लॅमिनेट करायचं ठरलं आणि ते काम त्या चारांतल्या एका मुलीकडे दिलं. मूळ कागद हॉलच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. त्यावर पहिल्याच ओळीत, नो ट्रम्प १५ ते १७ च्या पुढे, नानांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं आहे : "१६ असते तर बरे." तिनं विचारलं, हेपण टाइप करायचं का? मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "कर. आणि खाली माझंही लिही : बारा."